सहा बोटांचा फरक

निकम बाईंनी चेंडू हातात घेतला आणि मला वाटलं, त्यांनी तो मारू नये.

पाचवीपासून मी त्यांच्या हाताखाली बास्केटबॉल खेळत होते, पण बाईंनी स्वतः बास्केट मारलेली मी कधी पाहिली नव्हती. खोचलेली पाचवारी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि तोंडात तिखट जीभ, एवढ्यावर त्यांनी आमच्या गावातल्या मुलींची टीम उभी केली होती. ‘मी मारून दाखवलं की तुम्ही माझी नक्कल करणार, आणि मला नकला नकोत,’ असं त्या म्हणायच्या.

त्या संध्याकाळी मात्र सरपंच बापू जगदाळे माझ्या वडिलांना, अण्णांना घेऊन मैदानावर आले होते. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची फायनल होती, तीही आमच्याच मैदानावर. बापूंची छाती फुगली होती, कारण मैदान त्यांनी केलेलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सगळ्या कोर्टावर नवं काँक्रीट घालून घेतलं, कंत्राट पुतण्याला दिलं आणि भिंतीवर शाळेपेक्षा मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव रंगवलं.

‘‘बाई,’’ बापू म्हणाले, ‘‘पुण्याला कॉलेजात असताना तुमी म्हणं डोळं झाकून बास्केट मारायचा. आमच्या हणमंतरावांना दावा की एक. सेलमवरनं आल्यात ते.’’

बाई पुण्याच्या कॉलेजात तीन वर्षं बास्केटबॉल टीममध्ये होत्या हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्यांचा टीमबरोबरचा फोटो होता. दर सव्वीस जानेवारीला बापू भाषणात म्हणायचे, ‘शालन निकम म्हणजे आपल्या गावानं पुण्याला दिल्याली वाघीण.’ टाळ्या पडायच्या आणि बाई मान खाली घालून बसायच्या. आम्हाला वाटायचं, किती हा विनय.

आता बाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या वडिलांकडं बघून त्या फ्री थ्रोच्या रेषेवर गेल्या, चेंडू दोनदा जमिनीवर आपटला आणि मारला. चेंडू रिंगवरून पलीकडं गेला, बोर्डावर थाडकन आपटला आणि परत त्यांच्याच पायाशी आला.

‘‘गंज चढला, बाई!’’ बापू खदखदून हसले.

बाईंनी दुसरा मारला. तोही लांब. तिसराही बोर्डावर नेमका त्याच जागी लागला. आम्ही मुली एकमेकींकडं न बघता आपापल्या बुटांकडं बघत होतो. चेंडू लांब का जातोय ते आम्हाला ठाऊक होतं, आणि बाईंना ते आता कळणार होतं.

बाई हसल्या नाहीत की लाजल्या नाहीत. त्यांनी आधी रिंगकडं पाहिलं, मग खाली जमिनीकडं. खांबापाशी जाऊन बुटाच्या टोकानं त्याचं बूड चाचपलं. मग वळून म्हणाल्या, ‘‘सराव संपला. सगळ्यांनी घरी जा. उज्ज्वला, तू थांब.’’

‘‘मी बाहेर हाय,’’ अण्णा मला म्हणाले आणि बापूंबरोबर फाटकाकडं गेले.

मैदान रिकामं झाल्यावर बाईंनी विचारलं, ‘‘कधीपासून ठाऊक आहे?’’

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ‘‘दिवाळीपासून.’’

‘‘कुणाकुणाला?’’

‘‘सगळ्यांना.’’

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही नव्या काँक्रीटवर पहिल्यांदा उतरलो, तेव्हा नसीम तांबोळीनं उडी मारून जाळीला हात लावला. नसीम आमच्यात सगळ्यात बुटकी. तिच्या उंचीवरून आम्ही तिला सळो की पळो करून सोडायचो. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मी उडी मारली तर माझी बोटं थेट रिंगला लागली. तेव्हा आम्ही खाली पाहिलं. खांबाच्या बुडाशी जे मोठे नट दिसायचे ते काँक्रीटनं गिळले होते. पुतण्यानं जुनं उकरलंच नव्हतं, त्याच्यावरच भर घालून सरसकट नवा थर ओतला होता, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यामुळं नुसत्या डोळ्यांना काही वावगं दिसायचं नाही. खांब होता तिथंच होता, जमीन तेवढी वर आली होती. चांगली सहा बोटं.

बाईंना सांगायचं असं आमचं ठरलंही होतं. पण त्याच दिवशी आमचे चेंडू भराभर रिंगमध्ये पडायला लागले आणि बाई म्हणाल्या, ‘‘शाबास.’’ पाच वर्षांत तो शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून बेसनाचे लाडू आणले. मग कोण सांगणार? यंदाचे सगळे सामने आमच्याच मैदानावर. बाहेरच्या टीमचे चेंडू रिंगवरून जायचे, आणि बाईच म्हणायच्या, ‘‘बघा, परक्या मैदानावर घाबरल्या.’’

हे सगळं ऐकून बाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. ‘‘खांब मी स्वतः मोजून बसवला होता,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खांब हलला नाही म्हणून मी निर्धास्त होते. जमीन वर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.’’

‘‘बाई, उद्याचा एक दिवस जाऊ द्या. परवा सांगा सगळ्यांना.’’

त्या वर रिंगकडं बघत राहिल्या. मग माझा धीर सुटला. ‘‘तुम्हाला ठाऊक आहे ना, अण्णा कशाला आलेत?’’

त्यांना ठाऊक होतं. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवर जगतात. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळायचं काम. सराफांकडचं मोडीचं सोनं आटवायचं, भेसळ काढायची, चोख किती ते सांगायचं. त्यासाठी आमची माणसं पार सेलम, मदुराई, कानपूरपर्यंत जाऊन दुकानं टाकतात. मुलींना गावी काका-काकींकडं ठेवतात आणि दहावी झाली की त्याच धंद्यातला मुलगा बघतात. माझ्यासाठी कोइमतूरचा बघून ठेवला होता. मी रडून-भेकून अण्णांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली होती. पुण्यात खेळाडू मुलींचं एक वसतिगृह होतं. राहणं, शिक्षण, खेळ सगळं तिथं. तिथले कोच देवस्थळी सर, पूर्वी बाईंच्या कॉलेजची टीमही तेच बघायचे, आमची फायनल बघायला येणार होते. ‘‘त्यांनी तुजं नाव घेतलं तर शीक,’’ अण्णा म्हणाले होते, ‘‘न्हाई घेतलं तर माज्यासंगं सेलमला चल. मग रडायचं न्हाई.’’ दिवाळीपासून माझा नेम असा बसला होता, की मी हसत हो म्हटलं होतं.

‘‘देवस्थळी सरांनी उद्या तुला नेलं,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तर तिथली रिंग दहा फुटांवर असेल. मग?’’

‘‘मग शिकेन. महिनाभरात बसेल हात.’’

‘‘नाही बसत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘इतका सहज नाही बसत.’’

‘‘तुम्हाला काय माहीत?’’

असं उलट बोलल्यावर एरवी मला मैदानाच्या वीस फेऱ्या पडल्या असत्या. बाईंनी चेंडू उचलून काखेत मारला. मग म्हणाल्या, ‘‘उजाडल्याबरोबर ये.’’

फाटकाशी अण्णांनी विचारलं, ‘‘काय म्हणत हुत्या बाई?’’

‘‘काय न्हाई,’’ मी म्हटलं.

सकाळी मी मैदानावर पोहोचले तेव्हा बाईंचा भाऊ शिडीवर उभा होता. त्याचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. बोर्ड ज्या लोखंडी पट्ट्यांनी खांबाला आवळला होता त्या सैल करून त्यानं बोर्ड वर सरकवला होता आणि आता शेवटचा नट पिळत होता. समोरच्या खांबाचं काम आधीच झालं होतं. बाई खाली टेप धरून उभ्या होत्या. रिंग मला आभाळात गेल्यासारखी वाटली.

माझं डोकंच फिरलं. ‘‘कुणी सांगितलं होतं तुम्हाला?’’ मी ओरडले. ‘‘कुणाला कळणार होतं? माझं वाटोळं केलंत तुम्ही!’’

बाईंचा भाऊ शिडीवरून माझ्याकडं बघायला लागला.

‘‘चेंडू घे,’’ बाई म्हणाल्या.

‘‘तुम्ही आज माझं लग्न लावताय, कळतंय का तुम्हाला?’’

‘‘कळतंय. चेंडू घे.’’

मी मारला. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला लागून माझ्याकडंच परत आला. दुसराही आखूड. तिसराही. जोर लावला तर दिशा चुकायची, दिशा धरली तर आखूड पडायचा. ‘‘गुडघ्यातून उठ,’’ बाई सांगत होत्या. बाकीच्या मुली येईपर्यंत मी मारत राहिले. घामानं आणि रागानं माझे डोळे चुरचुरत होते. नसीमनं वर पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तिचा चेहराच पडला.

‘‘कुणाला काही सांगत बसायचं नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘रिंग दहा फुटांवर असते. आज ती तिथं आहे.’’

एवढंच. का, कशासाठी, एक अक्षर नाही. सामना झाला की या बाईचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं मी मनाशी ठरवून टाकलं.

देवस्थळी सर दहाच्या सुमाराला जीपमधून आले. पांढरी टोपी, पांढरे बूट, भुवयाही पांढऱ्या. बापूंनी हार घातला आणि बाईंना पुढं केलं. ‘‘सर, ही तुमचीच शिष्या! वळखली का?’’

‘‘शालन निकम, सर,’’ बाई म्हणाल्या.

‘‘हो का? बऱ्याच मुली आल्या-गेल्या,’’ सर म्हणाले आणि खुर्ची सावलीत घ्यायला सांगितली.

बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. मी इतकी रागात होते की मला बरंच वाटलं.

सांगलीच्या टीमशी सामना सुरू झाला आणि जे व्हायचं तेच झालं. आमचा एकेक चेंडू पुढच्या कडेवर आपटून खाली. नसीमचा आखूड, माझा आखूड, पुन्हा नसीमचा आखूड. सांगलीच्या मुलींचे मात्र सटासट पडत होते. सगळा गाव भिंतीवर, झाडांवर बसलेला. आधी लोक ‘‘असूंदे, असूंदे’’ म्हणत होते. मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. मग बापू मोठ्यानं ओरडले, ‘‘अगं, घाबरताय कशापायी? कालपत्तोर तर मारत हुता!’’ आणि मग सगळेच म्हणायला लागले, घाबरल्या, पोरी घाबरल्या.

तो शब्द कानात शिसं ओतल्यासारखा जात होता. मी अण्णांकडं चोरून पाहिलं. ते भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. ते नाराज दिसले असते तर मला चाललं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर माझी कीव होती. देवस्थळी सर शेजारच्या माणसाशी पेरूच्या बागेबद्दल बोलत होते. हाफ टाइमला सांगलीचे गुण आमच्या दुप्पट होते.

आम्ही बाईंच्या भोवती जमलो. नसीम हुंदके देत होती.

‘‘रडायचं नाही,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मला एक सांगा. आपले चेंडू लागतात कुठं?’’

‘‘पुढच्या कडेला,’’ कुणीतरी म्हणालं.

‘‘सगळे?’’

‘‘सगळे, बाई.’’

‘‘मग पडतात कुठं?’’

मला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. ‘‘समोर. फ्री थ्रोच्या रेषेच्या आत.’’

‘‘आणि सांगलीच्या मुली कुठं उभ्या राहतात चेंडू धरायला?’’

‘‘मागं. बोर्डाखाली, दोन्ही बाजूंना.’’

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. माझा राग तसाच होता, पण डोक्यात लख्ख उजेड पडला. कुठल्याही टीमचे चेंडू चुकतात ते चहूकडं चुकतात. आमचे सगळे एकाच जागी चुकत होते. आणि ती जागा सबंध मैदानात फक्त आम्हाला ठाऊक होती.

‘‘नसीम, तू बिनधास्त मारत राहा,’’ बाई म्हणाल्या. ‘‘लागला तर लागला. उज्ज्वला, तू समोर थांब. हातात आला की लांबून मारायचा नाही. आत घुस, बोर्डावर टेकव. इतक्या जवळून सहा बोटांनी काही अडत नाही.’’

दुसऱ्या हाफमध्ये नसीमनं पहिला चेंडू मारला आणि तो सुटायच्या आधीच मी निघाले. पुढची कड, टप्, आणि चेंडू माझ्या ओंजळीत. सांगलीच्या मुली बोर्डाखाली हात वर करून उभ्या. मी त्यांच्या मधून शिरले आणि टेकवला. दोन गुण. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांच्या उंच मुलीनं मला अडवलं तर मी चेंडू मागं नसीमकडं दिला, तिनं पुन्हा मारला, पुन्हा आखूड, पुन्हा माझा. गावकऱ्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण फळ्यावरचे आकडे कळत होते. शिट्ट्या सुरू झाल्या. भिंतीवरची पोरं भिंत बडवायला लागली. सांगलीच्या कोचनं टाइम आऊट घेतला, मुलींना झापलं, दोघींना पुढं उभं केलं. तोवर आम्ही जवळजवळ गाठलं होतं. देवस्थळी सर पेरूची बाग विसरून खुर्चीच्या कडेला आले होते.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं होतो आणि चेंडू आमच्याकडं होता. माझा ऊर धपापत होता. नसीमनं रेषेच्या बाहेरून मारला. मी नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिले, हात वर, बोटं पसरलेली.

आणि नेमका तोच चेंडू आखूड पडला नाही. अर्धा दिवस मारून मारून नसीमच्या हाताला उंची सापडायला लागली होती. चेंडू माझ्या डोक्यावरून गेला, रिंगच्या मागच्या कडेला लागला, उसळला आणि बोर्डाखालच्या सांगलीच्या मुलीच्या हातात पडला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

नसीम मटकन खाली बसली. मी तिला उठवायला गेले तेव्हा देवस्थळी सर मैदानात येताना दिसले, मागून सरांचा हार हातात घेऊन बापू आणि त्यांच्या मागं अण्णा.

‘‘ही उंच मुलगी,’’ सर बाईंना म्हणाले. ‘‘चेंडू खाली यायच्या आधी ही तिथं असते. चाळीस वर्षं बघतोय, अशी नजर शिकवून येत नाही.’’

बापू म्हणाले, ‘‘आमच्या मातीतच हाय ते!’’

मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. झालं, मी वाचले, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘‘सर, एक सांगायचंय.’’

मी त्यांच्याकडं बघून मान हलवली. नको. बाई, नको. माझ्याकडं बघूनही त्यांनी न बघितल्यासारखं केलं.

‘‘ही नजर वगैरे नाही, सर. आमची रिंग दिवाळीपासून सहा बोटं खाली होती. मुलींचा हात तिच्यावर बसला. काल माझ्या लक्षात आलं, आज सकाळी मी रिंग वर घेतली. म्हणून यांचे सगळे चेंडू आखूड पडत होते, आणि कुठं पडणार हे हिला कळत होतं.’’

सरांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. बापूंचा चेहरा लालबुंद झाला. ‘‘काय बोलताय, बाई? आमच्या काँक्रीटला नावं ठेवताय? पावण्याम्होरं? या गावातली रिंग हाय ती बरोबर हाय. याच मैदानावर शिकून तुमी पुण्यात नाव काढलं न्हवं?’’

‘‘नाव नाही काढलं, बापू,’’ बाई म्हणाल्या. ‘‘बाकावर बसले होते.’’

बापूंना काही समजलं नाही. आम्हालाही नाही.

‘‘तीन वर्षं टीममध्ये होते. फोटोत आहे. पण एकही सामना पुरता खेळले नाही. माझे सगळे चेंडू आखूड पडायचे.’’

देवस्थळी सर बाईंकडं रोखून बघायला लागले. मग सावकाश म्हणाले, ‘‘शालन. डाव्या हाताला बाकावर शेवटी बसायचीस.’’

‘‘हो, सर. तुम्ही म्हणायचात, मुलगी भित्री आहे, हात सोडत नाही. मला वाटलं, असेन मी भित्री. रोज सगळ्यांच्या आधी येऊन मारायचे, एकटी असताना हात दहा फुटांवर बसलाही, पण तुम्ही बघताय म्हटलं की पुन्हा आखूड. मग मी मारणंच सोडलं.’’ बाईंचा आवाज आमची हजेरी घेतात तसाच होता. ‘‘गावी परत आले आणि वर्षभरात इथला जुना लाकडी खांब वाळवी लागून पडला. नवा बसवताना जुन्याचं माप घेतलं. ज्या रिंगवर मी लहानपणापासून शिकले, ती अशीच खाली होती.’’

‘‘मला कळवलं का नाहीस?’’

‘‘काय कळवायचं, सर? माझं खेळायचं वय गेलं होतं. आणि इथं सगळे मला वाघीण म्हणत होते. ते ऐकायला बरं वाटायचं.’’

त्या गावात बाईंना ना नवरा होता, ना शेत, ना घर स्वतःचं. होतं ते हे एक नाव. ते त्यांनी भर मैदानात, सगळ्यांच्या देखत काढून ठेवलं, आणि मी त्यांच्याशी जन्मात बोलणार नव्हते. मला शरमेनं मेल्यासारखं झालं.

बाई म्हणाल्या, ‘‘हिला तुम्ही न्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण नेलीत तर पहिले दोन-तीन महिने हिचे चेंडू आखूड पडतील. तेव्हा हिला भित्री म्हणू नका. हे आधी तुमच्या कानावर घातल्याशिवाय मी हिला पाठवणार नव्हते.’’

देवस्थळी सर शेजारच्या बाकावर बसले. त्यांना उठायला बराच वेळ लागला. मग त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. ते नुसतं ‘‘जूनमध्ये,’’ म्हणाले आणि अण्णांकडं पाहिलं.

अण्णांनी मात्र बाईंकडं पाहिलं. ‘‘गिऱ्हाइकाचं सोनं हिणकस निगालं की त्याच्या तोंडावर सांगावं लागतं,’’ ते म्हणाले. ‘‘लोकाचं सांगताना बी आमची जीभ अडखळती, बाई. तुमी तर सवताचं सांगितलंसा.’’ मग म्हणाले, ‘‘पोरगी तुमच्या हवाली. तुमी म्हनाल तितं जाईल.’’

पुढच्या सव्वीस जानेवारीला मी पुण्यात होते; बापूंच्या भाषणात वाघीण नव्हती. बाईंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही, असं नसीमनं मला कळवलं.

त्याआधीच्या जूनमध्ये मी पुण्याला गेले. पहिल्याच सकाळी, मोठ्या शहरांतून आलेल्या मुलींसमोर मी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिले. पहिला चेंडू आखूड पडला, दुसराही, तिसराही. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

‘‘हसू नका,’’ देवस्थळी सर पलीकडून म्हणाले. ‘‘तिची रिंग खाली होती. वेळ लागेल.’’

पावसाळा सरेपर्यंत माझे चेंडू आखूड पडत राहिले. तेवढ्या काळात मला एकदाही कुणी भित्री म्हटलं नाही.